विटकरी तुकड्याचा संशय

मित्रांनो, विटकरी रंगाच्या कापडाचा दीड हात लांबीचा एक जुना तुकडा आज तुमच्याशी बोलतो आहे. मोताळ्याच्या बाजारपेठेत नारायणरावांचं कापडाचं दुकान आहे, तिथे माझा मुक्काम असतो. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही तसेच झाला असता.

माझा जन्म मालेगावच्या एका यंत्रमागावर झाला. माझा कापूस मोताळ्याच्याच शिवारातला आहे, असं नारायणराव गिऱ्हाइकांना सांगत. ते खरं असेल का, याची मला तेव्हापासून शंका आहे, कारण मागाच्या कारखान्यात कोणत्या गाठी कुठून आल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी अखंड थान होतो तेव्हा ब्लाउज पीस म्हणून खपायचो. गिऱ्हाईक यायचं, बोट ओलं करून माझा कोपरा चोळायचं आणि ते बोट पांढऱ्या रुमालाला पुसून पाहायचं. मग मला उचलून दारात न्यायचं, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसलेल्या रंगावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. रोज दहा जण आपल्यावर शंका घेऊ लागले की आपणही शिकतो.

काही वर्षं बरी गेली. दुकानात आलेल्या बाया "हा रंग मळखाऊ आहे" म्हणून मला पसंत करत, आणि ते मी कौतुक समजायचो. पुढे फिक्या रंगांची चलती आली. माझं उरलेलं थान फडताळाच्या वरच्या खणात गेलं आणि त्याच्यावर धूळ बसली.

मला तिथून खाली काढलं ते डिंपलने. डिंपल ही नारायणरावांची धाकटी सून, मलकापूरची. तिने मोबाइलवर एक शिक्षण घेतलं होतं. कोणत्या माणसाला कोणते रंग शोभतात, हे त्याच्या चेहऱ्याजवळ वेगवेगळी कापडं धरून ओळखायचं, असं ते शास्त्र. तिने दुकानातल्या तीस थानांचा एकेक तुकडा कापला आणि कडांना पिको केला. दाराजवळ, जिथे सरळ ऊन येत नाही पण उजेड भरपूर असतो, तिथे एक खुर्ची आणि एक आरसा मांडला. त्या तीस तुकड्यांत मी होतो.

मला वाटलं, माल खपवायची ही नवी तऱ्हा आहे. जो रंग पडून आहे तोच शोभतो म्हणायचं आणि गळ्यात मारायचा. नारायणरावांची शंका बरोबर उलटी होती. ते म्हणाले, "डिंपल, लोकाईले रंग शोभत नाई म्हणून सांगशीन, तं ते घेतलेलं कापडही परत आणून देतीन."

"मामाजी, एक महिना पाहा," एवढंच ती म्हणाली.

तिच्या शिक्षणातल्या तक्त्यावर सगळे चेहरे गोरे होते. त्यात मोताळ्याचं कोणी बसेना. तेव्हा तिने आठवडी बाजाराला आलेल्या बायांना खुर्चीवर बसवून पाहायला सुरुवात केली. डोक्यावरून खांद्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळायची, चेहऱ्याची पावडर पुसायला लावायची आणि हनुवटीखाली एकेक तुकडा धरायची. ती कापडाकडे बघतच नसे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वाढली की कमी झाली, ओठ फिके पडले का, एवढंच बघायची आणि वहीत लिहून ठेवायची. एका बाईने घ्यायला काढलेली अबोली साडी तिला शोभत नाही, असं डिंपलने तोंडावर सांगितलं. ती बाई साडी न घेताच गेली आणि नारायणराव दोन दिवस सुनेशी नीट बोलले नाहीत. तरीही माझा संशय गेला नाही. आता गिऱ्हाईक सोडायचं आणि पुढे मोठं पकडायचं, असा डाव असेल असं मला वाटलं.

मग एक दिवस अश्विनी आली.

अश्विनी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिचे वडील नऊ वर्षांपूर्वी वारले. आई जनकाबाई मोताळ्याजवळच्या खेड्यात भाजीपाला पिकवते, आणि नऊ वर्षं ती फक्त राखाडी, बदामी, नाहीतर मळकट पांढरी साडी नेसते, असं अश्विनीने सांगितलं. मग तिने आवाज खाली आणला.

"ताई, आईचा एक जुना फोटो आहे. त्यात ती विटकरी साडीत आहे, बाबांनी आणलेल्या. तुम्ही तिला बसवा आणि विटकरीच निघाला असं सांगा. माझं ती ऐकत नाही. शास्त्र आहे म्हटलं की ऐकेल."

डिंपलने मला घडी करून बाजूला ठेवलं. "त्यांना घेऊन या," ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मित्रांनो, मला खात्रीच पटली. ठरलेलं नाटक होणार होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला नाव घेऊन मागत होतं. मी सगळ्यांवर संशय घेत आलो होतो, पण आपण कुणाला शोभतो का, यावर कधीच घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई लेकीबरोबर आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, कधीही उठता येईल अशा.

"यात सुई-बिई तं नाई टोचत?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. नुसतं कापड धरायचं."

"मंग इतकं पांढरं कायले गुंडाळून राह्यली? मले आजारी करून टाकलं."

डिंपल हसली आणि तिने मला उचललं. मी त्यांच्या हनुवटीखाली पसरलो. समोर आरसा होता आणि त्यात मला सगळं दिसत होतं. जनकाबाईंचा चेहरा पिवळट झाला होता. डोळ्यांखालचे काळे डाग ठळक झाले, ओठांचा रंग गेला. मी तसाच होतो, छान, भरदार. त्या मात्र माझ्यामागे कुठेतरी निघून गेल्या होत्या.

"छान दिसतं आई," अश्विनी घाईने म्हणाली.

डिंपलने वहीत काहीतरी लिहिलं. मी त्या खोट्याची वाट बघत होतो.

"काकू," ती म्हणाली, "हा रंग तुमच्यासाठी नाही."

अश्विनीने मान खाली घातली. जनकाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा डिंपलकडे. "तुमचं दोघींचं काई ठरलं होतं का?"

अश्विनीने सगळं सांगून टाकलं. फोटोचंही सांगितलं. मला वाटलं, आता या उठून जातील. जनकाबाईंनी मला गळ्यावरून काढलं, मांडीवर ठेवलं आणि माझ्यावरून हात फिरवला.

"तो रंग मले कधीच आवडला नाई, अश्विनी," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबानं हौसेनं आणला होता. त्याईचं मन मोडू नये म्हणून नेसत होती. त्याईले म्या कधी सांगतलं नाई, अन् तूही कधी इचारलं नाई."

डिंपलने विचारलं, "काकू, मग आवडायचा कोणता?"

"आता काय त्याचं."

डिंपलने त्यावर वाद घातला नाही. तिने एकामागून एक तुकडे लावायला सुरुवात केली. मोरपंखी लावला, राणी लावला, शेवाळी लावला. जनकाबाई आरशात बघत होत्या, पण वांगं विकत घेताना बघतो तशा, कीड शोधत. मग डिंपलने वांगी रंगाचा तुकडा लावला, गडद जांभळा.

जनकाबाईंनी झटकन वर छताकडे पाहिलं. "तुमी आत्ता एखांदी ट्यूब लावली का?"

"नाही काकू. दिवे बंदच आहेत."

त्यांना पटेना. त्या उठल्या, तो तुकडा गळ्याशी धरून दारात गेल्या आणि डिंपलने दिलेल्या लहान आरशात चेहरा पाहिला. आत आल्या. मला लावून बघितलं. पुन्हा वांगी लावला. पुन्हा मी, पुन्हा वांगी. तिसऱ्या वेळी मी नुसता त्यांच्या हातात राहिलो. आरशातला चेहरा निवळलेला होता, झोप पूर्ण झालेल्या माणसासारखा. डोळ्यांखालचे डाग होते, पण ते शोधावे लागत होते.

"लोकं काय म्हणतीन?" त्यांनी आरशालाच विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," डिंपल म्हणाली. "मला रंगाचं तेवढं कळतं."

"विटकरी चांगला म्हटली असती, तं म्या तुह्यावर इश्वास ठेवला नसता," जनकाबाई म्हणाल्या आणि काही न घेता मायलेकी निघून गेल्या.

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. खोटं बोलणं सोपं होतं, सगळ्यांच्या सोयीचं होतं, माझ्याही. डिंपल ते बोलली नाही.

चार दिवसांनी जनकाबाईंचे धाकटे दीर शेषराव दुकानात आले. टोपी काढून गादीवर ठेवली, पण बसले नाहीत.

"आमच्या वहिनीले तुमी काय सांगतलं?" त्यांनी विचारलं. "घरी आल्यापासून त्या म्हणून राह्यल्या, लग्नात जांभळी नेसीन. आशा म्हणते, दुकानवाल्याईनं डोक्यात भरवलं."

आशाबाई म्हणजे त्यांची बायको. नारायणराव मध्ये पडायला उठले, पण डिंपलने तो वांगी तुकडा काढून शेषरावांच्या हातात दिला.

"हे दाखवलं, काका. विकलं काहीच नाही."

शेषरावांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "आमी नऊ वर्षांत वहिनीले एक शबद बोललो नाई, का रंगाचं नेसू नका म्हणून. कोणालेही विचारा."

"मला ठाऊक आहे काका," डिंपल म्हणाली. "नेसा, असं कोणी म्हटलं होतं का?"

शेषरावांनी तुकड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग तो गादीवर ठेवला, टोपी उचलली आणि ते गेले. त्यांना राग आला की काय झालं, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही. नारायणराव म्हणाले, "गिऱ्हाइकाचं एक घर तुटलं आपलं." डिंपल आत जाऊन पाणी प्यायली.

आठवड्याने जनकाबाई एकट्याच आल्या. या वेळी खुर्चीत नीट बसल्या आणि वांगी रंगाच्या साड्या काढायला लावल्या. पाचवी साडी त्यांना पटली, बारीक काठाची. ती बांधून देताना डिंपलने भीत भीत विचारलं, "काकू, घरी काही..."

"शेषराव काल जेवता जेवता म्हणाले, वहिनी, लग्नात रंगाची नेसा. मान वर न करता म्हणाले." जनकाबाईंनी पिशवी काखेत घेतली. "म्या म्हटलं, हाव. म्या ठरवलंच होतं."

लग्नात मी नव्हतो, त्यामुळे आशाबाईंनी नाक मुरडलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. दोघी-चौघींनी मुरडलं असणार. अश्विनीने नंतर आणलेला फोटो मात्र मी पाहिला. त्यात जनकाबाई लेकीच्या शेजारी उभ्या आहेत आणि बघणाऱ्याची नजर आधी त्यांच्या साडीवर जात नाही, चेहऱ्यावर जाते.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझी एक कड रोज उजेडाकडे असायची. ती हळूहळू फिकी पडली. डिंपलने एका सकाळी मला नव्या विटकरी थानाशेजारी धरलं, डोळे बारीक केले आणि मला त्या तीसांतून बाहेर काढलं. मला वाईट वाटलं, पण संशय आला नाही. रंग उतरलेला तुकडा माणसाला खोटं सांगतो, आणि तिच्या खुर्चीवर खोट्याला जागा नाही. आता बाकीच्या तुकड्यांना उजेड लागू नये म्हणून ती मला त्यांच्यावर पांघरते. काम हलकं आहे. मी ते मनापासून करतो.

मित्रांनो, रंगीत कपडे उन्हात तासन् तास टाकू नका, सावलीत वाळवा, म्हणजे आमचा जीव टिकेल. आणि आणखी एक गोष्ट करा. तुमच्या घरात कोणीतरी असेल, जे कितीतरी वर्षांपासून एकाच फिक्या रंगात वावरत असेल. कोणी त्यांना मनाई केलेली नसेल. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला कोणता रंग आवडतो. उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.