कातडीखालचं नाव

"आजी, तुमच्या हातावर उंट गोंदलाय की मोर?"

प्रश्न आचलचा नव्हताच. मयुरी आणि नंदिनीने पैज लावली होती, विचारून दाखव तर मानू. अकरावी सायन्सला गेल्यापासून आचलला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. समुद्रपूरच्या बसस्टँडवर रोज बोरं विकणाऱ्या रुख्माबाईंसमोर ती सरळ उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली. मागे दोघी ओढणीत तोंड खुपसून खुसखुसत होत्या.

रुख्माबाईंनी हात पाहिला. कोपराखालची कातडी इतकी सैल पडली होती की गोंदणाच्या हिरव्या रेघा एकमेकींत शिरून त्यांचा नुसता गोळा झाला होता.

"उंट नाई वं. मानूस हाय थे. भागीरथा."

तेवढ्यात बस लागली. मैत्रिणींनी हाका मारल्या, पण आचल गेली नाही. रुख्माबाईंनी शेजारचं पोतं झटकून तिला जागा केली, इतक्या घाईने की आचलला कसंसंच झालं. त्या पोत्यावर कधी कोणी बसतच नसावं.

भागीरथा म्हणजे रुख्माबाईंची जिवाची मैत्रीण. गिरडच्या जत्रेत दोघींनी ठरवलं, एकमेकींचं नाव हातावर गोंदवून घ्यायचं.

"गोंदनारीनं इचारलं, तुहं नाव काय, तुहं नाव काय. आमी सांगितलं. मंग सुई टोचली त दोघीबी बोंबलत बसलो." त्या हसल्या. "वाचता दोघीलेबी येत नोतं. त्याच साली तिले तळेगावले देली. लग्नात नाव बदललं. नवं काय ठेवलं, मले कोनी सांगितलंच नाई."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मागच्या दिवाळीनंतर त्या एकट्याच तळेगावला जाऊन आल्या होत्या, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

"बाजारात दिसन तिले इचारलं, हातावर रुख्मा गोंदलेली बाई पाह्यली का? सगळ्या नाई म्हने. मी समजली, तिचीबी कातडी माह्यावानी लोंबली असन. मंग वाचता कोनाले येईन? माहा हात नीट झाला ना, त दाखवून इचारीन, अशाच अक्षराचं गोंदन कोनाच्या हातावर हाय का."

पिशवीतून त्यांनी क्रीमची डबी काढली. महिन्यात कातडी ताठ होते, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तोंडाला त्यांनी एकदाही लावली नव्हती. फक्त हाताला, रोज.

"तू सायन्सवाली ना? काऊन फरक पडून नाई राह्यला?"

उत्तर येतंय म्हटल्यावर आचल थांबते थोडीच!

"आजी, बाजेले सुतळी असते ना, तसं कातडीच्या आत कोलॅजेन असते. पंचविशीनंतर थे दरवर्षी थोडं थोडं कमी होते, उन्हानं तर लयच. मंग बाज ढिली. ही क्रीम वरच्यावर राह्यते, सुतळीपर्यंत पोचतच नाई. डॉक्टरच्या औषधानं, लेझरनं थोडाफार फरक पडते, पण पह्यल्यासारखी ताठ नाई होत. ऊन लागू देऊ नका, डाळ-अंडी खा..."

शेवटचे शब्द आपोआप हळू झाले. रुख्माबाई डबीचं झाकण लावत होत्या आणि ते नीट बसत नव्हतं.

"मंग तूच वाच," त्या म्हणाल्या. "तान आन वाच. कानानं तरी ऐकू दे."

आचलने दोन्ही अंगठ्यांनी कातडी हलकेच ताणली. रेघा सुट्या झाल्या, अक्षरं उभी राहिली.

रुखमा.

तिने पुन्हा ताणून पाहिलं. तेच. गोंदणारीने जिचं नाव तिच्याच हातावर घातलं होतं, सगळ्यांना घालते तसं. बाईच्या हातावर बाईचंच नाव, त्यात कोण काय विचारणार? एवढ्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. पन्नास वर्षं रुख्माबाई स्वतःचंच नाव कुरवाळत बसल्या होत्या.

"नाई दिसत ना?"

येत असलेलं उत्तर आचलला पहिल्यांदाच देता येईना. तिने अंगठे उचलले. नाव पुन्हा सुरकुत्यांत मिटलं.

"दिसते, आजी. थोडंसं."

त्यांनी पदर हातावर ओढून घेतला आणि तिच्या ओंजळीत बोरं भरली. पुढची बस सुटल्यावर आचलने खिडकीतून मागे पाहिलं. झटकलेलं पोतं तसंच पसरलेलं होतं, रिकामं. घर येईपर्यंत तिने एकही बोर खाल्लं नाही.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती, बाबा चहा पीत होते. आचल दारातच उभी राहिली.

"आई, बाबा, येत्या रविवारी मी रुख्माबाईले घेऊन तळेगावले चालली."

"कोन रुख्माबाई?" बाबांनी कप खाली ठेवला.

"स्टँडवरची बोरंवाली? काऊन वं, तुही कोन लागते थे?" आई म्हणाली.

आचलने सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी आईचं लक्ष नव्हतं.

"आन थे भागीरथा जित्ती नसली त?" बाबांनी हळूच विचारलं.

"मंग नसन. पण आजीनं तिथं चुकीचं नाव इचारलं होतं, बाबा. मी बरोबर नाव इचारीन. हातावर भागीरथा गोंदलेली बाई. भेटली त दोघींचे हात शेजारी ठेवून मंगच आजीले सांगीन. मी परवानगी मागून नाई राह्यली. सांगून राह्यली."