फळीवरची कणीक

सुनंदा टेंबेंचा राग शाळेत सगळ्यांना माहीत होता आणि त्याची भीती कुणालाच नव्हती. गृहविज्ञानाची बाई चिडून चिडून काय करणार, शिऱ्यात साखर कमी घालणार? मीटिंगमध्ये त्या बोलायला उभ्या राहिल्या की बाकीचे शिक्षक खुशाल मोबाइल काढत.

राग मात्र खरा होता. नववीतल्या तन्वीने प्रोजेक्ट एक दिवस उशिरा दिला तेव्हा तिचे पाच मार्क कापले गेले. तिच्याच वर्गातल्या शमिकाने आठ दिवस उशिरा दिला, तर म्हणे मुलगी खेळाच्या तयारीत होती. तयारीत तर तन्वीही होती. दोघी लांब उडी मारायच्या, एकाच मैदानावर, एकाच खड्ड्यात. फरक एवढाच की शमिकाचे वडील, सगळ्या वॉर्डाचे भाऊ, नचिकेत भिया, पार्षद म्हणजे नगरसेवक होते. निवडून येण्याआधी हेच गृहस्थ जुन्या पार्षदाच्या भाच्याला नोकरी लागली म्हणून तीन दिवस धरण्यावर बसले होते. आता शाळेत येऊन हार घालून घेत आणि गुणवत्तेवर वीस मिनिटं बोलत. सुनंदाबाई पहिल्या रांगेत बसून दात आवळून ऐकत.

बुधवारी संभागाच्या, म्हणजे विभागीय, स्पर्धेसाठी निवड झाली. शाळेतून एकच मुलगी जाणार होती आणि तन्वीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. स्वयंपाकाच्या वर्गाची खिडकी बरोबर वाळूच्या खड्ड्यावर उघडते. सुनंदाबाईंनी तिथून सगळं पाहिलं. खेळाचे अच्युत सर झेंडे घेऊन उभे होते. शमिकाचा बूट उडी घ्यायच्या फळीच्या चांगला पुढे पडला, तरी सरांनी उडी बरोबर असल्याचा पांढरा झेंडा वर केला. तन्वीचा पाय फळीच्या आतच होता, तरी तिच्या तिन्ही उड्या बाद, लाल झेंडा. तिसऱ्या लालनंतर ती पोर वाळूतच बसून राहिली.

बाई हातातला झारा घेऊनच प्राचार्यांकडे गेल्या.

"सुनंदाजी, बात का बतंगड नका करू," सुलोचना मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वर होत्या, अच्युत सर खाली. प्रूफ काय आहे तुमच्याकडे?"

अच्युत सरही आलेच मागोमाग. "मॅडम, तुम्ही आलू पराठे सांभाळा, मैदान आम्ही बघतो. नाहीतर असं करा, इतकं कळून राहिलंय तर तुम्हीच धरा झेंडे."

"धरते," बाई म्हणाल्या. "शनिवारी पुन्हा घ्या."

सर हसले. प्राचार्यांना भांडण मिटल्याशी मतलब होता, त्यांनी होकार देऊन टाकला. बाहेर आल्यावर मात्र सुनंदाबाई पायरीवरच थांबल्या. तन्वी त्यांची लाडकी, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. त्यांनी पांढरा झेंडा दाखवला की लोक म्हणणार, कालपर्यंत सरांची मर्जी, आज बाईंची. आणि त्यात खोटं काय होतं?

शुक्रवारी आठवीचं पुऱ्यांचं प्रॅक्टिकल होतं. बाई नेहमीप्रमाणे प्रत्येकीच्या कणकेच्या गोळ्यात बोट दाबून पाहत होत्या. पुरीची कणीक घट्ट हवी, बोट दाबलं की खूण राहिली पाहिजे. चौथ्या गोळ्यात बोट दाबून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग एकट्याच हसायला लागल्या. मुलींना वाटलं, कणीक बिघडली.

शनिवारी सकाळी त्यांनी डबाभर घट्ट कणीक मळून आणली आणि फळीच्या पुढच्या कडेला लागून तिची बोटभर रुंद पट्टी थापली. फळीपुढे बूट गेला की खूण उमटणार. मोठ्या स्पर्धांत याच कामाला मेणासारखी माती लावतात, हे त्यांनी नियमावलीत वाचलं होतं. अच्युत सरांनी ती कधी उघडून पाहिलेली नव्हती.

"हे काय, चकल्या?" खुर्चीवर बसलेल्या नचिकेत भियांनी विचारलं.

"नाही. साक्षीदार."

प्रत्येकीला तीन उड्या. पहिली शमिका. धावत आली, उडाली, लांब पडली. अच्युत सरांनी टाळीसुद्धा वाजवली. बाई वाकल्या. कणकेत बुटाचं टोक चांगलं रुतलेलं होतं. त्यांनी लाल झेंडा वर केला. पार्षद तरातरा आले, पाहिलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. माणसाशी हुज्जत घालता येते, कणकेशी कशी घालणार?

बाईंनी पट्टी हाताने सारखी केली. तन्वीची उडी स्वच्छ आली, चार मीटर एकतीस. शमिका दुसऱ्या वेळी घाबरून फळीच्या फार मागून उडाली, चार वीस. मग तन्वी पुन्हा आली, आणि ही उडी पाहून खिडक्यांत जमलेली पोरं ओरडायला लागली. पावणेपाचच्या पुढे असणार. अच्युत सर तर टेप घेऊन निघालेसुद्धा.

बाई वाकल्या. पट्टीच्या कडेला नखाएवढी खूण होती.

त्यांच्याशिवाय ती कुणाला दिसली नव्हती. नुसता अंगठा फिरवला असता की काम झालं. बुधवारच्या तीन लाल झेंड्यांचा हिशेब फिटला असता, ते कापलेले पाच मार्क, ती वीस मिनिटांची भाषणं, सगळंच. बाईंचा अंगठा कणकेपर्यंत गेलाही. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. त्या उठल्या आणि त्यांनी लाल झेंडा वर केला.

तन्वी जवळ आली, तिने खाली पाहिलं. डोळे भरून आले होते. "मॅडम, जरासाच आहे."

"जरासाच आहे. पण आहे."

तन्वीने नाक पुसलं आणि मान हलवली. अच्युत सर टेप हातात घेऊन बाईंकडे बघत राहिले. त्यांनी असं काही पाहिलं नसावं.

शमिकाची तिसरी उडी मात्र सुरेख आली. पट्टी कोरी होती आणि टेप चार चव्वेचाळीस दाखवत होता. आता पुढे शमिका होती, अगदी कायद्याने, आणि तन्वीकडे एक उडी उरली होती. सुनंदाबाईंच्या हातातले झेंडे घामाने ओले झाले. मनातल्या मनात त्या म्हणाल्या, हरली तर माझ्यामुळे हरेल.

तन्वीने पावलं मोजून चार बोटं मागून सुरुवात केली. धावताना तिने फळीकडे पाहिलंच नाही. ती उडाली आणि वाळूत पडली, आणि बाईंना वाकायचं धैर्य होईना.

वाकली ती शमिका. कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या कडेला उभी होती, तिनेच खाली बसून पट्टी पाहिली. "क्लीन आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मॅडम, व्हाइट."

पांढरा झेंडा वर गेला. टेप धरताना अच्युत सरांनी एकदाही डोळे वर केले नाहीत. "चार सत्तावन्न," त्यांनी वाचलं. खिडक्यांतून असा काही कल्ला झाला की सुलोचना मॅडम ऑफिसबाहेर आल्या. तन्वी वाळूसकट बाईंच्या गळ्यात पडली. सुनंदाबाईंनी तिला गच्च धरलं. आज इतका आनंद झाला होता की कुणावर चिडायला जागाच उरली नव्हती.

पण नचिकेत भियांनी खिशातून फोन काढला होता. "थांबा, अधिकाऱ्यांशी बोलतो. कणकेवर सिलेक्शन होत असतं का कधी?"

"पप्पा, फोन ठेवा." शमिका त्यांच्यासमोर उभी होती. "सर मला नेहमी पाच मीटर सांगत होते. मला कधी कळलंच नाही मी खरं किती उडते." तिने वाळूतल्या आपल्या खुणेकडे बोट दाखवलं. "हे चार चव्वेचाळीस माझे आहेत. यांना हात लावू नका."