रोझमेरीची शपथ

मी पोकरचं टेबल बोलतोय. अटलांटिक सिटीतल्या एका मोठ्या कॅसिनोच्या पोकरदालनात, खांबाजवळ माझी जागा होती. माणसं चेहरे दगडासारखे ठेवत. पण त्यांची मनगटं माझ्या कडेच्या गादीवर टेकलेली असत. त्यांतली धडधड मला कळायची.

दर मंगळवारी दुपारी ओडेल आणि व्हिन्सेंट शेजारी शेजारी बसत. ओडेल निवृत्त बसचालक, व्हिन्सेंट जुना बेकरीवाला.

"पत्ते बघतोयस की पेपर वाचतोयस, म्हाताऱ्या?" ओडेल विचारायचा.

"तुझ्या बसपेक्षा लवकर पोचतो, गप्प बस."

व्हिन्सेंटची बायको रोझमेरी दोघांसाठी अंडं-मिरचीचं सँडविच बांधून द्यायची. ती गेली तेव्हा तिच्या शवपेटीला ओडेलनं खांदा दिला. पुढे त्यानंच हट्टानं व्हिन्सेंटला पुन्हा माझ्यापाशी आणून बसवलं.

पण व्हिन्सेंटला पत्ते लागेचनात. सगळे त्याला सांभाळून घेत, आणि तेच त्याला जास्त झोंबत होतं.

एका मंगळवारी डावात ते दोघंच उरले. मधल्या उघड्या पत्त्यांत तीन बदाम होते. ओडेलजवळ तीन राण्या जमल्या होत्या. व्हिन्सेंटनं पैशांच्या जागी मांडायच्या आपल्या सगळ्या चिपा पुढे सरकवल्या. त्याचे पाच बदाम जमले असतील, तरच राण्या हरणार होत्या.

ओडेलनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "खरंच बदाम आहेत, व्हिनी?"

"आहेत. रोझमेरीची शपथ."

त्याचं मनगट माझ्यावर थडथड उडत होतं. मला सगळं कळलं होतं. पण लाकडाला वाचा कुठली?

ओडेलनं डाव सोडला, राण्या पालथ्या करून पत्ते वाटणाऱ्या थुईकडे सरकवल्या. व्हिन्सेंटनं हसत आपले दोन पत्ते उघडले. एकही बदाम नव्हता. टेबलावर हशा पिकला. थुई मात्र हसली नाही.

ओडेल शांतपणे आपल्या उरलेल्या चिपा गोळा करू लागला.

"अरे, खेळच आहे हा. थापा मारायच्याच असतात," व्हिन्सेंट म्हणाला.

"थाप मारलीस त्याचं काही नाही. पण तिचं नाव घेतलंस, म्हणून मी पत्ते टाकले."

त्यानंतर ओडेल दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. व्हिन्सेंट माझ्यापाशीच राही. खेळण्यापेक्षा तिकडेच जास्त बघे. शेवटी एका दुपारी उठून तो तिकडे गेला. ओडेलच्या मागे उभा राहून म्हणाला, "जागा आहे का रे इथे?"

ओडेल उठला. खुर्ची नीट मागे ओढून म्हणाला, "ही घे. मी निघतच होतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर व्हिन्सेंटनं बाचाबाची केली असती, माफीही मागितली असती. तो त्या खुर्चीत बसला आणि पत्त्यांना हातही न लावता बसून राहिला. पुढे ओडेल मुलीकडे जॉर्जियाला राहायला गेल्याचं थुईकडून कळलं. व्हिन्सेंटचंही येणं थांबलं.

आता ते पोकरदालन लहान केलंय, जास्तीची टेबलं काढून टाकली. माझं कापड उसवलंय, आणि मी अग्निशमन केंद्राच्या सभागृहात आहे. रविवारी माझ्यावर केक आणि कॉफी मांडतात. कधी कोणी पत्तेही काढतं. खुशाल खेळा, वाटेल तशा थापा मारा. पण जिवंत असो वा गेलेलं, आपलं माणूस तेवढं पणाला लावू नका. ते हरलं की परत जिंकता येत नाही.