क्रमांक दहा: अनुभवी कप्तानांच्या गोष्टी

गावात करण्यासारख्या दहा गोष्टी लिहून द्या, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा नगरपालिकेच्या हेडक्लार्कला वाटलं, दहा म्हणजे हातचा मळ. अठरा वर्षं तो या समुद्रकाठच्या गावात राहत होता. साहेबांना येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि वरून पत्र आलं होतं की प्रत्येक गावाने पर्यटकांसाठी माहितीपत्रक काढावं, त्यात किमान दहा गोष्टी असाव्यात.

त्याने कागदाला समास आखला आणि लिहायला घेतलं. एक, सूर्यास्त पाहणे. दोन, सूर्योदय पाहणे. सूर्य या गावात बर्फाच्या कारखान्यामागून उगवतो, पण ते लिहायची गरज नव्हती. तीन, किनाऱ्यावरून चालत जाणे. चार, चालत परत येणे, हे लिहून त्याने स्वतःच खोडलं. मग समुद्रात डुंबणे, शहाळं पिणे, माडाच्या सावलीत झोळी बांधून पडणे, वाळूत किल्ला करणे. दीपगृहाची किल्ली ज्याच्याकडे होती तो बदली होऊन किल्लीसकट गेला होता, म्हणून 'दीपगृह बाहेरून पाहणे'. सकाळचा मासळीबाजार. जेवणाची सुट्टी होईपर्यंत नऊ भरले. दहावं काही केल्या सुचेना, तेव्हा त्याने 'काहीही न करणे' असं लिहून कागद आत नेला.

"हे शेवटचं काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, लोक खरं तर त्याच्यासाठीच येतात."

"येऊ देत. पण छापलं तर वरचे म्हणतील, यादी ऑफिसातल्याच कोणीतरी केलेली दिसते."

पाच वाजेपर्यंत दहावी गोष्ट हवी होती. साडेचारला हेडक्लार्क खिडकीतून बाहेर बघत बसला होता आणि त्याच्या डोक्यात घरचे विचार होते. उद्या शनिवार, अर्धा दिवस. दुपारी घरी जाऊन पाठ टेकावी एवढीच त्याची इच्छा असायची, आणि तेवढंच जमत नसे. कारण घर सासऱ्यांचं होतं.

सासऱ्यांना सगळं गाव कप्तान म्हणायचं. खाडीवर पूल होण्याआधी या तीरावरून त्या तीरावर जी लाँच जायची, ती त्यांनी तीस वर्षं चालवली. पूल झाला, लाँच भंगारात गेली, आणि तेव्हापासून कप्तान घर चालवत होते. दार आपटायचं नाही, लोटायचं. चपला उजवीकडे. पाहुणे आले तर चौघांना एका बाजूच्या बाकावर बसू देत नसत, दोघांना उठवून समोर बसवत. जावयाशी ते थेट बोलत नसत. जे सांगायचं ते भिंतीला सांगत आणि भिंतीने ते जावयाला सांगावं अशी अपेक्षा असे. घरजावई म्हणजे तसाही अर्धा पाहुणा आणि अर्धा गडी, पण निदान दुपारी दोन तास डोळा लागू द्यावा, एवढी माणुसकी त्याला हवी होती.

त्याने पेन उचललं आणि लिहिलं, 'दहा: जुन्या धक्क्यावर दुपारी चार ते सहा अनुभवी कप्तानांच्या तोंडून सागरी जीवनाच्या थरारक गोष्टी ऐकणे. विनामूल्य.'

लिहिताना त्याला गंमत वाटली, एवढंच. सरकारी पत्रक कोणी शेवटपर्यंत वाचतं का?

एका कुटुंबाने वाचलं. महिन्याभरात तक्रार आली. आईवडील, आजी आणि दोन मुलं धक्क्यावर दोन तास उन्हात बसली होती, थरार तर सोडाच, तिथे कुत्रंही फिरकलं नव्हतं. साहेबांनी हेडक्लार्कला आत बोलावलं.

"कप्तान कुठे आहेत?"

"घरी आहेत, साहेब."

"कोणाच्या?"

"त्यांच्याच," हेडक्लार्क म्हणाला. "म्हणजे माझ्याही."

"शनिवारी चारला धक्क्यावर दिसले पाहिजेत. नाहीतर तुम्ही जाऊन बसा आणि थरारक काहीतरी सांगा."

त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो घरी गेला. बायको गणिताची शिक्षिका. ती टेबलावर वह्या तपासत होती. कप्तान आरामखुर्चीत. त्याने बायकोलाच सगळं सांगितलं, पण जरा मोठ्याने.

कप्तानांनी भिंतीकडे बघितलं. "आता म्हाताऱ्याला दीपगृहाच्या रांगेत नेऊन बसवलं म्हणायचं."

"बाहेरून पाहायचंय त्यांना," बायको वहीतून मान वर न करता म्हणाली. "बाबा, जा की. दोन तास समुद्रावर बसाल."

"मला कोणी विचारलंय का?"

"आता विचारतायत ना हे."

"मला पत्र पाहिजे. शिक्क्याचं. तोंडी हुकमावर मी लाँच कधी सोडली नाही."

ते पत्र ऑफिसात हेडक्लार्कलाच लिहावं लागलं. 'माननीय कप्तानसाहेब यांस सविनय' इथपर्यंत आला आणि पेन थांबलं. अठरा वर्षांत त्याने सासऱ्यांना काही सविनय म्हटलं नव्हतं. पण सरकारी मजकुराला पर्याय नसतो. 'आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ' वगैरे लिहून त्याने शिक्का मारला आणि स्वतःच पोचवला. कप्तानांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

त्या शनिवारी हेडक्लार्क दुपारी अडीच तास झोपला. उठल्यावर त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं उगाच सोसलं.

पण पंधरा दिवसांत पुन्हा तक्रार आली. कप्तान वेळेवर येतात, नीट बसतात, पण गोष्टीत काही घडत नाही. लाँच इकडून तिकडे जायची, आठ मिनिटं लागायची. मग तिकडून इकडे यायची. परत आठ मिनिटं. ओहोटी असेल तर नऊ.

"जरा तिखटमीठ लावायला सांगा त्यांना," साहेब म्हणाले.

हा निरोप हेडक्लार्कने घरी दिला, या वेळी सरळ सासऱ्यांनाच, कारण बायको शाळेत होती.

"मी खोटं बोलत नाही," कप्तान म्हणाले. तेही सरळ त्यालाच. दोघंही जरा दचकले. मग कप्तान पेपर वाचू लागले.

तक्रारी त्यानंतर बंद झाल्या. हेडक्लार्कने खोलात जायचं टाळलं. झोप मिळत होती. धक्क्यावर गर्दी वाढतेय असं कोणी म्हणालं, त्याने मान डोलावली. लॉजवाल्याने धक्क्यावर बसायला वीस खुर्च्या दिल्याचं त्याच्या कानावर आलं. मग एका सकाळी बाजारात एक अनोळखी बाई त्याच्याकडे बघून नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. नवरा पुढे आला, खिशातून लिंबू काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"जवळ असू द्या," तो गोड हसून म्हणाला.

दुपारी ऑफिसच्या दारात दोन कॉलेजच्या मुली आल्या. त्यांना कुठलंही काम नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, एकीने तोंडावर रुमाल धरला, आणि दोघी खिदळत जिना उतरल्या. संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" ती म्हणाली. "एका छोट्या मुलीने बाबांना विचारलं, तुमच्या लाँचमध्ये कधी काही गंमत झाली का? बाबांनी खूप आठवलं. तीस वर्षांत एकच आठवली."

"कुठली?"

"तुमची."

गोष्ट खरी होती. लग्नाआधीची. पलीकडच्या तीरावर टायपिंगचा क्लास होता, तिथे या दोघांची ओळख झाली होती. मुलीच्या वडिलांना भेटायला म्हणून तो नवा बूट, नवा शर्ट घालून लाँचमध्ये चढला. पाचव्या मिनिटाला त्याला बोट लागली. सहाव्या मिनिटाला तो धडपडत पुढे गेला, आधाराला म्हणून चालकाच्या खांद्याला धरलं आणि त्याच्याच पायावर सकाळपासूनचं सगळं खाल्लेलं रिकामं केलं. मग तोंड पुसून विचारलं, कप्तान कुठे राहतात, त्यांच्या मुलीबद्दल बोलायचं होतं.

"हे रोज सांगतात?"

"रोज. रविवारी दोनदा."

तो तावातावाने साहेबांकडे गेला. माझी अब्रू चव्हाट्यावर आली, म्हणाला. साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "लोक एक विचारतात. तो जावई अजून आहे का म्हणून. तुम्ही रविवारी पाच मिनिटं जाऊन नुसते उभे राहिलात तर?"

"साहेब, मी हेडक्लार्क आहे."

"म्हणून तर लेखी देत नाही."

रविवारी तो गेला, पण गोष्ट बंद पाडायच्या इराद्याने. बायकोही मागोमाग आली. धक्क्यावर चाळीसएक माणसं होती, कप्तानांनी त्यांना दोन्ही बाजूंना सारखी बसवली होती. तो मागे माडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. कप्तानांनी त्याला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

गोष्ट सुरू झाली. घरात चार शब्द न बोलणारा माणूस इथे हातवारे करत होता. जावयाची चाल, त्याचा नवा बूट, हिरवा पडत चाललेला चेहरा. लोक पोट धरून हसत होते. 'मुलीबद्दल बोलायचं होतं' इथे एक आजोबा खुर्चीवरून घसरले. हेडक्लार्कचे कान तापले. तो पुढे सरकणार, एवढ्यात कप्तानांनी हात वर केला आणि आवाज खाली आणला.

"मी नाही म्हणून सांगितलं. ज्याला आठ मिनिटं तोल सांभाळता येत नाही त्याला मुलगी कशी देऊ? तो गेला. पुढच्या रविवारी परत लाँचमध्ये. परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारी परत. पुलाचा तेव्हा पत्ता नव्हता, पण खाडीला वळसा घालून रस्ता होता, बस होती. बसने येऊ शकला असता. आला नाही. लाँचनेच आला. चौदा रविवार. चौदा वेळा बोट लागली. पंधराव्या रविवारी मी बायकोला म्हटलं, तोल नाही माणसाला, पण पोटात घेण्याची ताकद आहे. या घरात टिकेल."

कोणी हसलं नाही. एका बाईने डोळे टिपले. हेडक्लार्क जिथे होता तिथेच उभा राहिला. अठरा वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, भिंतीलासुद्धा नाही.

शेजारी उभ्या असलेल्या बायकोने हळूच म्हटलं, "तीन."

"काय?"

"तीन वेळा आलात लाँचने. बाकी सगळे रविवार बसने. मागच्या गल्लीत उतरून, लाँचमधून आल्यासारखे धक्क्यावरून चालत यायचात. गणित शिकवते मी."

हे अगदी खरं होतं, आणि हे फक्त बायकोला माहीत आहे अशी त्याची समजूत होती.

तेवढ्यात कोणीतरी ओळखलं. हाच तो, हाच तो, असं झालं आणि लोकांनी त्याला पुढे ढकललं. एका चष्मेवाल्या गृहस्थाने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "खरंच चौदा वेळा?"

हेडक्लार्कने सासऱ्यांकडे पाहिलं. कप्तान समुद्राकडे बघत होते, पाण्याशी त्यांचं काही महत्त्वाचं काम असल्यासारखे.

"पंधरा," तो म्हणाला. "एकदा यांचं लक्ष नव्हतं."

टाळ्या पडल्या. कोणीतरी फोटो काढला. सहा वाजता माणसं पांगली, आणि तिघं घरी निघाली. बायको पुढे, हे दोघं मागे. कप्तानांची खुर्ची त्याने उचलली होती.

"बस गल्लीत थांबायची," कप्तान चालता चालता म्हणाले. "लाँचच्या टपावरून गल्ली दिसते."

हेडक्लार्कने विचारलं, "मग चौदा का सांगता? तुम्ही खोटं बोलत नाही ना?"

"तीन सांगू?" कप्तानांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "तीन फेऱ्यांत मुलगी देऊन टाकली म्हणून? माझी काही अब्रू आहे का नाही गावात?"

पुढच्या छपाईत साहेबांनी हा क्रमांक दहावरून पहिल्यावर नेला आणि सूर्यास्त दुसरा केला. हेडक्लार्कची शनिवारची झोप चालू राहिली. रविवारची मात्र गेली, कारण त्या दिवशी त्याला धक्क्यावर उभं राहावं लागतं, नवा बूट घालून. बायकोने त्याला सांगून ठेवलंय की वाढता वाढता फेऱ्यांचा आकडा एकोणीसच्या वर जाऊ देऊ नका, लग्नाच्या तारखेशी जमत नाही.