करवत किंचाळते तेव्हा

"पातं खाली आवळ, दात तेवढे वर ठेव. सैल राहिलं की किंचाळतं." धारवाल्याच्या वडिलांचा हा आवाज अजून माझ्या अंगात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी तिधारी कानस आहे. करवतीचे बोथट दात घासून टोकदार करायचे, एवढंच माझं काम. लाकडी फळ्यांच्या चिमट्यात पातं घट्ट बसलं की मी खर्र खर्र गुणगुणते. ते वर राहिलं तर थरथरतं आणि असा चिरका सूर निघतो की ऐकणाऱ्याच्या दातांत कळ जाते. तान्हं लेकरू कळवळून रडतं ना, तसाच तो सूर. माणसाचा कान त्याच सुराला फार हळवा; ऐकल्यावर बसवत नाही.

वडिलांमागे धारवाल्याने मला नावाजलं, पुसून, जपून ठेवलं. सुतार लांबून येत. पण दोन वर्षांपूर्वी पातं वर राहू लागलं. मी किंचाळायचे आणि तो शांतपणे घासत राहायचा. मला संशय यायचा, मुद्दाम छळतोय की काय?

संशय त्यालाही होता, पण लेकीचा. दुकानात हाताखाली तीच. मी किंचाळले की गिऱ्हाईक कानांवर हात ठेवून बाहेर पडे, मागोमाग ती जाई आणि पायरीवर काहीतरी कुजबुजे. तो तिरक्या नजरेने बघे. गिऱ्हाइकं तुटू लागली. समोर मशीनवर धार लावून देणाऱ्याने हिला फितवलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी तो तिच्याशी धड बोलेना.

काल जुना सुतार अर्धी घासलेली करवत उचलून निघाला. पुढच्या खेपेला येतो, म्हणाला. नजर मात्र लेकीकडे. धारवाल्याने मला फळीवर आपटलं.

"काय सांगतेस गं लोकांना? उद्यापासून दुकान पुतण्या बघेल. तू येऊ नकोस."

मित्रांनो, झिजणं बाहेरून दिसतंच असं नाही. माझ्या रेघा गेल्या तर बोट फिरवून कळतं. माणसाचं काय झिजलंय, हे त्याच्या जवळच्यानेच सांगायला हवं, आणि वेळेवर.

लेकीने खाली पडलेला लोखंडाचा कीस उगाच हाताने गोळा केला. मग त्याच्या समोर येऊन, तोंडाकडे बघत, सावकाश म्हणाली,

"थोडं सांभाळून घ्या, एवढंच सांगते त्यांना. बाबा, करवत किंचाळते. दोन वर्षं झाली, तुम्हाला ते ऐकू येत नाही."