दुसऱ्या बाळंतिणीचं पाणी

रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यात दिवाकररावांच्या घरी त्या जानेवारीत दोन बाळंतिणी होत्या. एक त्यांची लेक राधिका, भिलाईहून माहेरी आलेली. दुसरी बैठकीतल्या पाच फुटी काचेच्या टाकीत. डिस्कस जातीची मासोळी, ताटलीसारखी गोल नि चपटी, अंगावर निळ्या रेघा. दोघींची बाळं एकाच आठवड्यात झाली, आणि घरातलं गरम पाणी आधी कोणाला, यावरून रोज सकाळी जुंपायची.

या मासोळीचं मोठं नवल आहे. तिची पिल्लं पहिले काही दिवस दुसरं काही खातच नाहीत. आईबापाच्या अंगावर जी चिकट साय धरते, ती चाटून वाढतात. दिवाकररावांनी दोन वर्षांत तीनदा ही पिल्लं गमावली होती. एकदा अंडीच पांढरी पडली, एकदा आईबापांनीच खाऊन टाकली, आणि तिसऱ्यांदा थंडीच्या एका झपाट्यात सगळी गेली. या खेपेला दीडशेच्या वर पिल्लं आईच्या अंगाला लोंबत होती, आणि दिवाकरराव त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. नातीपेक्षा मासोळीकडे जास्त बघतात, असं पद्मिनीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

एवढी पिल्लं म्हटल्यावर रोज दहा बादल्या पाणी बदलणं आलं. पण नळाचं पाणी टाकीत थेट घालायची सोय नव्हती. रायपूर राजधानी होऊन अडीच महिने झाले होते; जिकडंतिकडं खोदकाम, लाल दिव्याच्या गाड्या, घरभाडी दुप्पट, आणि नळाला ब्लीचिंगचा असा वास की घरच्या चहालाही दवाखान्याची चव यावी. म्हणून मागच्या अंगणात दिवाकररावांनी दोन ड्रम मांडले होते. पहिल्यात गिट्टी, रेती आणि कोळशाचे थर. त्यातून झिरपलेलं पाणी दुसऱ्या ड्रममध्ये यायचं. तिथं विजेचा रॉड लावून ते एकोणतीस डिग्रीवर आणायचं आणि मग नळीनं हळूहळू टाकीत सोडायचं. जन्मभर वीजखात्यात मीटर तपासलेला माणूस. काचेचं थर्मामीटर खिशातच असायचं.

"माझ्या बाळंतपणात इतकं पाणी तापवलं असतं तं मी आणखी दोन पोट्टे देले असते," पद्मिनीबाई म्हणायच्या.

पण खरी गंमत करायच्या त्या प्रेमलाबाई. प्रेमलाबाई म्हणजे न्हाऊ घालणाऱ्या. साठी उलटलेली, हात कोळशाच्या पोत्यागत दणकट, पण लेकराच्या पाठीवर पडले की मऊ. अर्धा तात्यापारा त्यांच्या पसरलेल्या पायांवर न्हालेला, राधिकासुद्धा. आताशा बोलावणी कमी झाली होती. नवे दवाखाने, प्लास्टिकचे टब, डॉक्टरचं 'मालिश नको'. तरी बोलावलं त्या घरी त्या नऊच्या ठोक्याला हजर.

"मासोळीले गरम पाणी! भाऊ, डिंकाचे लाडू काहून नाही देत तिले?"

"एकोणतीस डिग्री लागते, प्रेमलाबाई. चार-पाच डिग्री उतरली का पिल्लं गेली."

"अन् हे तुम्ही त्या कांडीले विचारता?"

"मग कोणाले विचारू?"

प्रेमलाबाईंनी नुसता आपल्या उजव्या कोपरावर हात मारला आणि गेल्या. दिवाकरराव मनात हसले. कोपर म्हणजे काय मीटर आहे? मीटरला शिक्का असतो.

बारशाच्या आदल्या दिवशी पहाटे मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर धडाम् करून बसला. दिवाकररावांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. दुसरा ट्रान्सफॉर्मर यायला उद्याची दुपार होईल, असं कळलं. टाकीतले हीटर बंद, रॉड बंद, बाहेर दात वाजवणारी थंडी. आठ वाजेपर्यंत टाकी सव्वीसवर आली होती. आणखी दोन-तीन डिग्री उतरली की मागच्या खेपेसारखंच होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पापा, टेंशन मत लो," राधिका खाटेवरून म्हणाली.

"तू तुझं लेकरू पाय. माझे दीडशे आहेत."

तेवढ्यात त्यांना अंगणातला तांब्याचा बंब दिसला. बारशासाठी पद्मिनीबाईंनी तो रात्रीच चिंचेनं घासून आरशासारखा केला होता. खालून लाकडं पेटवली की वीज लागते कशाला! शिवाय तांब्याचं पाणी म्हणजे अमृत, हे लहानपणापासून ऐकलेलं. देवघरातला तांब्या तांब्याचा, आजोबा उठल्याउठल्या प्यायचे ते पाणी तांब्याचं. दिवाकररावांनी गाळलेलं पाणी बंबात ओतलं, तापवलं, थंड घालून थर्मामीटर बुडवलं. बरोबर एकोणतीस. तीन बादल्या टाकीत गेल्या, आणि ते खुर्चीवर येऊन बसले.

पाव तास झाला नसेल. आई काळी पडायला लागली. पंख मिटून एका कोपऱ्यात तिरपी झाली. बाप काचेला अंग घासू लागला. आणि पिल्लं? पिल्लं आईच्या अंगावरून सुटून कोंड्यासारखी पाण्यात विखुरली. दिवाकररावांनी पुन्हा पाणी मोजलं. मोजमाप बरोबर, मग भानगड कुठं? घाईत थर्मामीटर हातातून निसटलं आणि फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले.

"गेली," ते म्हणाले. "चौथ्यांदा गेली." आणि एकोणसाठ वर्षांचा तो माणूस बायकोसमोर चक्क रडायला लागला.

दारात प्रेमलाबाई उभ्या होत्या. नऊ वाजले होते.

त्यांनी टाकी पाहिली, अंगणात धुमसणारा बंब पाहिला. थेट अंगणात गेल्या, बंबाची तोटी सोडली, ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकल्या. लेकराच्या अंगावर घालायच्या आधी पाणी जिभेला लावायचं, हा त्यांचा नेमच होता.

"कळकलं आहे पाणी! चिंचेनं घासलेल्या तांब्याचं पहिलं पाणी कोणी वापरते का? मी लेकराच्या पायावर नाही घालत, नालीत फेकते. अन् तुम्ही त्या जिवाले पाजलं?"

दिवाकररावांच्या डोक्यात लख्ख झालं. तांबं! माशांना तांबं म्हणजे जहर, हे तर त्यांनी स्वतः पुस्तकात लाल रेघ मारून ठेवलं होतं. अमृताच्या नादात सगळं विसरले. "मीच मारली," ते म्हणाले.

"मेली कुठं? हलून राहिली ना? मग तोंड काय पाहता? अर्धी टाकी उपसा. वहिनी, स्टीलचे गंज, पातेले गॅसवर चढवा. ड्रमातलं गाळलेलं पाणी आहे ना?"

"हव. पण थर्मामीटर फुटलं, प्रेमलाबाई. मोजू कशानं?"

"बेसन आणा."

त्यांनी बेसन लावून कोपर खसाखसा घासला, तीनदा धुतला. "साबण नको, तेल नको. रोज मालिशच्या तेलाचा हात असते."

"रोज म्हणजे?"

प्रेमलाबाई जरा ओशाळल्या. "आठ-दहा दिवस झाले, तुमच्या ड्रमात कोपर बुडवून पाहते मी. ते कांडी खरं बोलते का नाही, म्हणून. तुमचं पाणी आपल्या पोट्टीच्या पाण्याहून चांगलं गार राहते. माहीत आहे मले."

ड्रमावर तेलाचा तवंग कुठून येतो, हे कोडं दिवाकररावांना आठवडाभर पडलं होतं. एरवी ते ओरडले असते. आज ते पाटावर त्यांच्याशेजारी बसले.

मग त्यांनी जे पाहिलं ते मीटरच्या खात्यात कधी पाहिलं नव्हतं. प्रेमलाबाईंनी आधी टाकीत कोपर बुडवला. "हे गार पडलं आहे. एकदम गरम नका नेऊ. पायरीपायरीनं न्या, थंडीतून आलेल्या लेकराले आपण नेतो तसं." मग बादलीत कढत पाणी, त्यात थंड पाण्याचं विसण, आधी भरलेला मग, नंतर अर्धा, शेवटी नुसती ओंजळ. कोपर आत, डोळे मिटलेले. "अजून थोडं." पुन्हा ओंजळ. "आता घाला." पुढची बादली आधीच्या बादलीपेक्षा केसभर ऊन. तिसरी आणखी केसभर. दहा बादल्या झाल्या, पण एकदाही त्यांनी मागं-पुढं केलं नाही की अंदाजपंचे म्हटलं नाही. दिवाकररावांनी फडक्यात कोळसा बांधून टाकीत सोडला. राहिलेलं तांबं थोडंफार त्यात शोषलं जाईल, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडून झाली. बाकी सगळं त्या बाईचं.

"हे शिकलात कुठं तुम्ही?"

"शिकते कोण? पहिलं लेकरू माझं गेलं, भाऊ. पाणी कढत होतं. सासूनं घातलं होतं." त्यांनी हातातला मग उपडा केला. "त्यानंतर मी कोणाले पाणी घालू नाही देलं."

दिवाकररावांनी तो मग उचलून सुलटा ठेवला. 

दुपारी बारा वाजता आईचा काळा रंग उतरून निळ्या रेघा पुन्हा दिसू लागल्या. एक पिल्लू तिच्या अंगाला चिकटलं. मग चार. मग मोजता येईनात. किती मेली, किती राहिली, ते नंतर कळलं. पण शंभरावर राहिली होती.

"आता माझं घर आहे, मी जाते," प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यांनी राधिकेच्या बाळाच्या चार गोधड्या मागून घेतल्या आणि टाकीभोवती गुंडाळल्या. "दर दोन घंट्यांनी दोन बादल्या. तुमचा कोपर काढा."

"माझा?"

"मग काय माझा कापून ठेवून जाऊ?"

त्यांनी दिवाकररावांचा कोपर धरून टाकीत बुडवला, मग बादलीत, मग पुन्हा टाकीत. दहादा. "तळहाताची चामडी निबर झाली तुमची, ते खोटं बोलते. कोपर कधी काही धरत नाही, म्हणून तो खरं बोलते."

दुसऱ्या दिवशी नऊला त्या आल्या त्या आधी बैठकीत शिरल्या. कोपर बुडवला. दिवाकरराव परीक्षेच्या निकालासारखे उभे.

"जरासं गार आहे," त्या म्हणाल्या. "पण लेकरं पोटभर आहेत. पास."

त्या दुपारी वीज आली, बारसं झालं, मुलीचं नाव निवेदिता ठेवलं. आठवड्यानं दिवाकररावांनी सदर बाजारातून नवं थर्मामीटर आणलं. टाकीत घातलं तर सव्वीस दाखवू लागलं. हीटर तर चालू होता. त्यांनी बाही वर केली, कोपर बुडवला, डोळे मिटले आणि थर्मामीटर तसंच पुडीत बांधून परत करायला निघाले.

"खराब आहे," त्यांनी दुकानदाराला सांगितलं.

"आपको कैसे पता, अंकल?"

दिवाकररावांनी कोपर दाखवला. दुकानदार हसला, पण त्याने शेजारी दुसरं थर्मामीटर बुडवून पाहिलं आणि मुकाट्यानं बदलून दिलं.

सव्वा महिना झाला. प्रेमलाबाईंचा शेवटचा दिवस आला. पिल्लं आता रुपयाएवढी झाली होती, आईला सोडून आपलं आपण खात होती. पद्मिनीबाईंनी प्रेमलाबाईंना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, लुगडं, खण, नारळ घालून ओटी भरली. राधिका पाया पडली. प्रेमलाबाई उठू लागल्या, तसे दिवाकरराव म्हणाले, "बसा. अजून एक राहिली."

त्यांनी कपाटातून दुसरं लुगडं काढून पद्मिनीबाईंच्या हातात दिलं. निळं होतं, काठाला बारीक रेघा.

"हे काय?"

"ते राधिकेचं झालं. हे दुसऱ्या बाळंतिणीचं."

पद्मिनीबाई एरवी हसल्या असत्या. आज त्यांनी पुन्हा कुंकवाची कोयरी उघडली. पण प्रेमलाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या लुगडं घेऊन टाकीपाशी गेल्या, काचेसमोर धरलं आणि मासोळी जवळ येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

"तिनं पाहिलं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले, परत येऊन पाटावर बसल्या आणि पदर पसरला. "आता भरा."