त्रिंबककाकांची दुसरी भाकर

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. नाव भुरी. उजवा डोळा पांढरा झाला आहे आणि सकाळच्या वेळी मागचे पाय ऐकत नाहीत. नाक मात्र अजून शाबूत आहे. तव्यावरची भाकर ज्वारीची की बाजरीची, हे मी अंगणात पडल्या पडल्या ओळखते.

तलवाड्याजवळच्या एका वस्तीवर, कडब्याच्या गंजीआड माझा जन्म झाला. मला सहा वर्षांच्या करिष्मानं फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी नेलं. तिचे आईवडील, बबिता आणि बजरंग, ऊस तोडायला जायचे. दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढायची, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची. पहिल्या वर्षी मीही गेले. ते दोघं पहाटे फडात गेले की करिष्मा उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, झोपलेली असायची आणि मी कोपीच्या तोंडाशी बसायची. परक्या माणसाची सावलीही मी आत पडू दिली नाही. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "बबिता, तुजी भुरी म्हंजी दार हाय दार." कोपीला दार नसतं, मित्रांनो. म्हणून ते कौतुक मला फार मोठं वाटायचं.

त्याच हंगामात दुसऱ्या टोळीचं एक कुत्रं उसाच्या ट्रकखाली गेलं. पुढच्या दसऱ्याला बबिता म्हणाली, "औंदा भुरीला न्हाई न्यायची. डोळ्यांदेखत मेलेली बघवणार न्हाई मला." करिष्मा खूप रडली. बजरंगनं शेजारच्या त्रिंबककाकांना सांगितलं, "काका, हिला भाकरतुकडा टाकत जा." काकांनी नुसती मान डोलावली.

मी ट्रॅक्टरमागं धावले. ट्रॉलीतून हलणारा करिष्माचा हात मोठ्या रस्त्यापर्यंत दिसत होता, नंतर नुसती धूळ. पंजे सोलवटले तेव्हा मी माघारी फिरले आणि कुलूप लावलेल्या दाराशी आडवी झाले.

वस्ती ओस पडली होती. त्रिंबककाकांचं घर तर भरल्या वस्तीतही ओसच होतं. त्यांची बायको मंजुळाबाई उन्हाळ्यात वारली होती. तेव्हापासून चूल बंद. चहा आणि बिस्किटं यांवर त्यांचा दिवस जायचा. पुण्याहून मुलाचा, हनुमानचा, फोन आला की "बरं हाय" एवढं बोलून ते ठेवून द्यायचे.

तिसऱ्या दिवशी काका माझ्याजवळ आले. त्यांनी दोन बिस्किटं टाकली. मी तोंड लावलं नाही. ते उकिडवे बसले.

"खात कावून न्हाईस? येतील की ती पाडव्याला. माजं माणूस तर येणारच न्हाई, तरी मी..."

त्यांनी माझ्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग तोच हात सदऱ्यात घालून स्वतःच्या बरगड्या चाचपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ज्वारी घेऊन गिरणीवर निघाले. मीही मागं मागं गेले. गिरणी चाँदबीची. ती काकांकडे बघतच राहिली.

"भाऊ, मंजुळाभाबी गेल्यापासून पयल्यांदा आलात. पाव्हणं आलंय का कोण?"

"पाव्हणी हाय," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

चाँदबी हसली नाही. "मग बारीक दळते," एवढंच म्हणाली.

काकांना भाकर येत नव्हती. पहिली थापताना फाटली, तव्यावर करपली. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी भाकरीकडं न बघता त्यांच्याकडंच बघत राहिले. करिष्माच्या घरी आधी माणसं जेवायची, मग मी. ती माझी सवय होती, त्यात शहाणपण काही नव्हतं. काकांनी थोडा वेळ वाट बघितली, मग निमूटपणे दुसरी भाकर थापली आणि मिठमिरचीबरोबर खायला बसले. त्यांनी चार घास खाल्ले, तेव्हा मी माझ्या भाकरीला तोंड लावलं.

तेव्हापासून रोज दोन भाकरी होऊ लागल्या. हळूहळू काका बोलायलाही लागले. हनुमानशी फोनवर पाव तास बोलले, आणि ते सगळं माझ्याबद्दल. एका दुपारी कोनाड्यात मंजुळाबाईची फणी सापडली. तिच्यात दोन पांढरे केस होते. काका गुडघ्यांत डोकं घालून रडले. मी शेजारी पडून राहिले. आम्हा कुत्र्यांना कुणाला "रडू नका" म्हणता येत नाही. कदाचित ते बरंच आहे.

पाडव्याला ट्रॅक्टर आला. मी करिष्माकडं धावले, मग काकांकडं, मग परत तिच्याकडं. काकांनी मान फिरवली. "तुमची हाय, न्या," ते म्हणाले. करिष्मानं आमच्या दोघांकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या की आजा. दोन्ही घरी जेवल ती."

पुढच्या दसऱ्याला पुन्हा सामान ट्रॉलीत चढलं. करिष्माचं बोचकंही चढलं. तिला शाळा आवडायची, पण दरवर्षी निम्मी बुडायची. काका बजरंगला म्हणाले, "पोरीला ठिव माज्याकडं. शाळा शिकू दे."

बजरंग घुटमळला. "काका, राग मानू नका. गेल्या साली तुमी सोताच उपाशी ऱ्हात व्हता."

निरोप द्यायला चाँदबी आली होती. ती म्हणाली, "बजरंग, दर आठवड्याला दळण नेतात हे. मी दळते, मला म्हाईत हाय."

बबिता सरळ काकांच्या घरात गेली, चुलीपाशी वाकली आणि राखेवर तळहात धरला. राखेत ऊब होती. बाहेर येऊन ती ट्रॉलीवर चढली आणि करिष्माचं बोचकं तिनं स्वतःच्या हातानं खाली उतरवलं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. तिचे खांदे मात्र हलत होते.

आज करिष्मा बीडला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली की माझ्या डोळ्यात औषध घालते. माझे दात पडले आहेत. काकांचेही फारसे उरलेले नाहीत. ते दुधात भाकर कुस्करतात, अर्धी मला, अर्धी स्वतःला. राखण आता माझ्यानं होत नाही, तरी मला कुणी हाकललेलं नाही. सगळ्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं नशीब असं नसतं.

मित्रांनो, माझ्यासारखं मुकं जनावर दाराशी असेल तर गावाला जाताना त्याला कुणाच्या तरी ओटीत घालून जा. आणखी एक सांगते. मी चोर पकडला नाही, कुणाला पुरातून ओढून काढलं नाही. मी फक्त एका माणसासमोर जेवायला बसले. तुमच्या शेजारी कुणी एकटं जेवत असेल, तर तुम्हीही जाऊन बसा. काय बोलावं ते सुचलं नाही, तरी चालेल. मला तरी कुठं बोलता येत होतं?